खळ दिलेल्या भिंती

सोमवार, १६ एप्रिल १९३४, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. गिरणीचा सुटीचा भोंगा विरला, शेजारच्या कारखान्यातले हातमाग थांबले, आणि जुन्या कापूस-गोदामाच्या मधोमध बसून मी पेटीची पांढरी चार दाबून धरली. भाता मारायला नाटकवाल्या बाई होत्या. सूर भरला, मी बोट उचलले आणि त्याच क्षणी स्टॉपवॉचची कळ दाबली. पेटी थांबली, पण सूर थांबला नाही. तो समोरच्या भिंतीवर गेला, पत्र्यावर चढला, मागून परत आला आणि पाहुण्यासारखा रेंगाळत राहिला. कानाला अगदी काही ऐकू येईनासे झाले तेव्हा मी पुन्हा कळ दाबली. असे दहा वेळा केले. सरासरी आली तीन पूर्णांक चार दशांश सेकंद.

मालक या गोदामाला देऊळ म्हणत. एक शब्द बोलल्यावर दुसरा बोलण्यापूर्वी जिथे तीन सेकंद थांबावे लागते, तिथे बोलपट काढायचा म्हणजे पात्रांनी आयुष्यभर एकमेकांची वाट पाहायची. देवळात हे चालते, कारण देव उत्तर देत नाही.

या मालकांचा परिचय थोडक्यात देते, कारण विस्ताराने देण्यासारखे त्यांच्यात फारसे नव्हते. त्यांचा लुगड्यांचा आणि धोतरजोड्यांचा मोठा व्यापार होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मुंबईत पहिला बोलपट पाहिला आणि त्यांना वाटले की ज्या गावात कापड होते त्या गावात चित्रपटही व्हायला हरकत नाही. दोन्ही गजावरच मोजतात. त्यांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र विकत घेतले. आवाजाचे प्रकाशात रूपांतर करून तो फिल्मच्या कडेला एका अरुंद पट्ट्यात छापणारे ते यंत्र मी कॉलेजात फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिले होते. पुण्याहून पदार्थविज्ञानाची बी.एस्सी. होऊन मी सोलापुरात परतले, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात असे यंत्र एवढे एकच असावे, आणि ते लुगड्यांच्या ढिगामागे पडून होते.

मला त्या यंत्रावर काम करायचे होते. दुसरे काहीही नको होते. त्याच सुमारास बार्शीच्या मुलींच्या शाळेने मला जूनपासून शिवणकाम आणि गृहव्यवस्था शिकवण्याची जागा देऊ केली होती. प्रकाशाचे व्यतिकरण शिकलेल्या मुलीने काजे कसे करावेत ते शिकवायचे, यात कुणालाही काही विचित्र वाटत नव्हते. वडिलांनाही नाही. ते शाळेत गणित शिकवत, आणि गणित शिकवणाऱ्या माणसांचा आपल्या मुलीच्या बाबतीत हिशेब कसा चुकतो हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याचे आश्चर्य वाटणे मी सोडून दिले आहे.

मालक वडिलांचे जुने विद्यार्थी. गणितात ते तीनदा नापास झाले होते आणि ते मोठ्या अभिमानाने सांगत. एक दिवस ते आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"मास्तर, तुमची पोरगी बी.एस्सी. झाली म्हनं."

"झाली."

"मग आमच्याकडं लावून द्या की. आमच्या देवळात आवाज घुमतोय. इंजिनेर म्हनतोय बाईचा गळा खराब हाय. बाई म्हनत्यात इंजिनेरचं डोस्कं खराब हाय. मला दोघांचंबी पटतंय."

वडील म्हणाले, "मुलगी जूनमध्ये बार्शीला जायची आहे."

"जाऊ द्या की. अक्षय्य तृतीयेला आमचा मुहूर्त. तवर अधिक महिना हाय, काय सुरू करता येत न्हाय. पोरीनं नुसतं तपासून बघावं. तपासायला काय मुहूर्त लागतोय का?"

माझ्या आयुष्यातली पहिली शास्त्रीय नेमणूक मला अशा रीतीने मिळाली. अधिक महिन्यात शुभकार्याला आरंभ करता येत नाही, आणि बाईने केलेली तपासणी हे कुणाच्याच लेखी कार्य नव्हते. मालकांनी जाता जाता वचन दिले: आवाज घुमायचा थांबला तर मुहूर्तापासून ध्वनिमुद्रकाची मदतनीस म्हणून मला कायम करायचे, यंत्राला हात लावायची मुभा आणि तसे लेखी पत्र. नाही थांबला तर बार्शी.

आता इंजिनियरसाहेबांविषयी. ते मुंबईहून आले होते आणि मुंबईहून येणे एवढीच त्यांची पदवी होती. बंद खोलीतही ते सोला टोपी घालत. यंत्र कसे चालू करावे, फिल्म कशी भरावी, धुण्यासाठी मुंबईला कशी पाठवावी, हे त्यांना नीट येत होते. म्हणजे टांगेवाल्याला टांगा येतो तसे. घोड्याच्या पोटात काय चालते हे टांगेवाला कधी सांगत नाही. साहेब मात्र सांगत.

माझ्यापूर्वी त्यांनी एक चाचणीचे रीळ काढले होते. ते मुंबईहून धुऊन आले आणि मालकांच्या सिनेमाच्या तंबूत दाखवले गेले. पडद्यावर नाटकवाल्या बाई राणीच्या वेषात हात पसरून म्हणत होत्या, "ये, बाळा, ये." ऐकू येत होते ते एक लांबलचक "ये", त्याच्या पोटात गुरफटलेले "बाळा" आणि वर पुन्हा सगळ्यांचे मिळून उठणारे एक "ये". बाहेरच्या कुणाला वाटले असते की राणी विहिरीत पडली आहे आणि मदतीला हाक मारते आहे. मालक डोळे मिटून म्हणाले, "गंभीर हाय, पन कळंना."

साहेबांनी निदान केले: यंत्राला स्त्रीचा प्रौढ आवाज मानवत नाही. उपाय दोन. एक, बाईंनी हळू बोलावे. बाई हळू बोलल्या. राणी विहिरीत अधिक खोल गेली. दुसरा उपाय त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचला होता. गोदामाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, डोक्याच्या वर, पोलादी तारा ताणायच्या. प्रतिध्वनी येता-जाता तारांवर कापला जातो. प्रतिध्वनी म्हणजे त्यांना बहुधा काकडी वाटत असावी. तारा ताणल्या गेल्या. दुसऱ्याच आठवड्यात रखवालदाराच्या बायकोने त्यांवर धोतरे वाळत घातली, आणि त्या तारांचा तेवढा एक उपयोग निर्विवाद सिद्ध झाला.

मी आकडा सांगितला तेव्हा साहेब हसले. "बाईसाहेब, आवाज सेकंदात मोजत नाहीत."

"मग कशात मोजतात?"

"अनुभवात."

नाटकवाल्या बाई भाता बाजूला सारून म्हणाल्या, "साहेब, तुमचा अनुभव एकदा तराजूत घालून बघू या का? पेटीच्या पट्टीएवढा भरेल ना?"

या बाईंचे वय चाळिशीच्या पुढे होते. त्यांची नाटक मंडळी बोलपटांनी बुडवली आणि आता बोलपटच त्यांना पोसायला निघाला होता, याची त्यांना खंत नव्हती. त्या त्याला व्याजाची वसुली म्हणत. त्या मला शास्त्रीणबाई म्हणत. संपूर्ण गोदामात माझ्या कामाला उपयोगी पडलेले माणूस त्या एकट्याच, तेही त्यांना भाता सारख्या जोराने मारता येत होता म्हणून. सूर प्रत्येक वेळी तितक्याच जोरात निघाला नाही तर तुलनेला अर्थ राहत नाही. हे मी त्यांना एकदा सांगितले, ते पुरले. साहेबांना सहा वेळा सांगूनही ते मोजणीच्या मध्ये खोकत.

दोष उघड होता. दगडी भिंती, फरसबंद जमीन, वर पत्रा. आवाजाला शोषून घेईल असे काहीच नाही. मालकांनी भिंतींना कापड लावले होते, ही गोष्ट ते मला प्रत्येक भेटीत ऐकवत. होय, लावले होते. त्यांच्याच कारखान्याचे, कोरे, चौकटीवर ढोलाच्या कातड्यासारखे ताणलेले, प्रत्येक पट्ट्यावर मध्यभागी त्यांच्या पेढीचा निळा शिक्का. आणि त्या कापडाला खळ होती. नुसती खळ नव्हे. या गावात कापड विकायला निघते तेव्हा त्याला जी मणभर खळ देतात ती. सूत कमी, पीठ जास्त. गिऱ्हाइकाने कापड हातात घेऊन चुरगाळले की ते कडकडले पाहिजे. न कडकडणाऱ्या कापडाला इथे कुणी कापड म्हणत नाही. पहिल्या धुण्यात तो सगळा डौल वाहून जातो आणि हाती जाळी उरते, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असते, तरी ते पुढच्या वेळी पुन्हा कडकडणारेच कापड मागते.

आवाज शोषायचा तर हवेला धाग्यांमधून आत शिरता आले पाहिजे. खळीने ती सगळी भोके बुजवली होती. भिंतीला कापड लावले नव्हते, भिंतीला पीठ लावले होते. मी पुरावा म्हणून एका बाजूच्या चौकटी काढून पुन्हा मोजणी केली. फरक पडला नाही.

मालकांना हे मी सांगितले. त्यांनी आपल्या शिक्क्यावरून हात फिरवला.

"खळ काडून टाकू म्हनता?"

"हो. धुऊन, सैल, चुण्या घालून टांगायचे. भिंतीपासून वीतभर पुढे."

"धुवून?" त्यांचा स्वर आईचे निधन झाल्यासारखा झाला. "मुहूर्ताला कलेक्टर सायेब येनार. पेढीवाले येनार. आन भिंतीवर माझं धुतलेलं कापड लोंबतंय? लोक म्हनतील, ह्याच्या कापडात काय न्हाय."

"काही नाहीच आहे," बाई माझ्या कानात म्हणाल्या.

तरीही मी एक तुकडा धुऊन पाहिला. बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. धुतल्यावर त्या कापडातून पलीकडचा माणूस ओळखू येत होता. खळ असताना ते आवाज परत फेकत होते, खळ गेल्यावर आवाज त्यातून सरळ भिंतीवर जाऊन परत येत होता. त्या कापडाला तिसरी अवस्थाच नव्हती.

जाड, सच्छिद्र, सैल असे काहीतरी हवे होते. परदेशातल्या स्टुडिओंत यासाठी नमदा, म्हणजे दाबून केलेली जाड लोकर, वापरतात हे मी वाचले होते. नमदा कुठून आणणार? मग एका मंगळवारी बाजारात मेथी घेताना मी घोंगड्यांच्या दुकानाशी उभी राहिले आणि माझ्या डाव्या कानाला बाजार ऐकू येईनासा झाला. डावीकडे पुरुषभर उंचीची घोंगड्यांची थप्पी होती. उजव्या कानात तोच गोंगाट, कांद्याच्या भावावरून चाललेले तेच भांडण, डावीकडे शांतता. मी दोन थप्प्यांच्या मध्ये शिरून उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "ताई, बरं वाटंना का?" मला फार बरे वाटत होते.

मी सोळा घोंगडी मागवली आणि एका भिंतीवर टांगली. मोजले. आकडा उतरला, पण माझ्या गणिताने जितका उतरायला हवा होता त्याच्या निम्माही नाही. हे मला झोंबले. मी एक घोंगडे हातात घेऊन चुरगाळले. ते कडकडले.

त्यांनाही खळ होती. चिंचोक्याची. विणून झाल्यावर नव्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात म्हणजे ते ताठ उभे राहते आणि पाऊस लवकर शिरत नाही. माझ्यासारख्या इथेच जन्मलेल्या मुलीला हे ठाऊक असायला हवे होते, असे कुणी म्हणेल. मी म्हणेन, ज्या मुलखात लोकर असो, सूत असो की माणूस असो, सगळ्यांना आधी ताठ करून मगच बाजारात आणतात, त्या मुलखात शास्त्राने कुठून सुरुवात करावी हाच प्रश्न आहे.

म्हणून मला वापरलेली घोंगडी हवी होती. चार पावसाळ्यांत भिजलेली, अंगाखाली मऊ झालेली, खळ पूर्ण गेलेली. मालकांचा माणूस मैंदर्गीकडच्या धनगरांकडून जुनी घोंगडी नव्यांच्या बदल्यात घेऊन आला. बदल्याचा हा व्यवहार ऐकून तिकडचे लोक पोट धरून हसले म्हणे. जुने द्या आणि नवे घ्या, असे सांगणारा वेडा सोलापुरातच मिळायचा.

गाडी गोदामाशी उतरली तेव्हा साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मालकांनी तोही लावला नाही.

"मेंढरांचा वास येतोय की हो!"

"आवाजाला वास नसतो," मी म्हटले. "फिल्मवर येणार नाही."

"काळं हाय सगळं."

"फिल्मही काळीच असते."

"ताई, माझ्या बापानं रेशीमकाठी लुगडी विकली. आन मी देवळाला धनगराचं पांघरून घालू?"

नाटकवाल्या बाई एक घोंगडे खांद्यावर टाकून, राणीच्या थाटात पुढे आल्या. "मालक, मी वीस वर्षं भरजरी शालू नेसून राण्या केल्या. शालूच्या आत काय असायचं ते तुम्हाला सांगू का? नको, तुम्ही सोवळे आहात."

मालक लाजले आणि त्यांनी परवानगी दिली. त्यांची परवानगी मिळवण्याचा हा मार्ग पदार्थविज्ञानाच्या एकाही पुस्तकात नाही.

घोंगडी मी स्वतः उभी राहून टांगून घेतली. दोरीवर सैल, खोल चुण्या घालून, भिंतीपासून वीतभर पुढे. छताला पत्र्याखाली झोळीसारखी. तारा काढायला लावल्या. रखवालदाराच्या बायकोने तक्रार केली. ती तक्रार साहेबांनी उचलून धरली, त्यांच्या मताला तेवढाच पाठिंबा उरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भोंग्यानंतर मोजणी केली. पांढरी चार. बोट उचलले आणि सूर जणू पेटीतच संपला. एक पूर्णांक दोन. बाईंनी भाता थांबवून इकडेतिकडे पाहिले. "अगं शास्त्रीणबाई, माझाच आवाज मला इतका जवळून मी कधी ऐकला नव्हता. जरा भीती वाटते गं. एवढा म्हातारा झालाय होय?"

"म्हातारा नाही. स्पष्ट आहे."

"तेच ते."

पुन्हा चाचणीचे रीळ काढले, मुंबईला धुवायला पाठवले, आणि ते परत येईपर्यंत अधिक महिना जवळजवळ सरला. तंबूत दाखवले तेव्हा राणी म्हणाली, "ये, बाळा, ये," आणि तीन शब्द तीन शब्दांसारखे ऐकू आले. मागच्या बाकावरचा एक विणकर मोठ्याने म्हणाला, "आलो की!" तंबू हसला. मालकही हसले. मी त्यांच्याकडे पाहिले, ते मला खूण करून म्हणाले, "झालं, ताई. जागा तुमची."

साहेब पडद्याकडे पाहत म्हणाले, "मी बाईंना गळ्यासाठी ज्येष्ठमध दिला होता, त्याचा गुण आला." माणसाला लाज वाटण्यासाठी आधी काहीतरी समजावे लागते, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही.

इथे ही हकीकत संपायला हवी होती. मूर्खपणाच्या हकीकती मात्र योग्य ठिकाणी संपत नाहीत.

मुहूर्ताला दोन दिवस असताना मी गोदामात गेले तर भिंती पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या. घोंगड्यांवरून, कडेपासून कडेपर्यंत, खळीचे कोरे कापड ताणून बसवले होते. निळे शिक्के ओळीने, पूर्वीपेक्षा मोठे. मालक मधोमध उभे होते, प्रसन्न, हात पाठीमागे.

"बगा. आत तुमचं, भाईर माझं. दोघांचंबी मन राखलं."

"मालक, आवाज बाहेरून येतो. त्याला आधी तुमचे कापड लागते. आत काय आहे हे त्याला कळतच नाही."

"कळंल की. आवाजच हाय तो, शिरंल कुटंबी."

साहेब म्हणाले, "लोकर कापडामागून आवाज ओढून घेते. चुंबकासारखी."

मला त्या क्षणी शारीरिक थकवा आला. चूक असती तर दुरुस्त करता आली असती. ही चूक नव्हती, हे समाधान होते. या गावात मी लहानपणापासून पाहत आले आहे: आत जे काम करते ते झाकायचे, बाहेर जे मिरवते ते ताणायचे, आणि दोघांचे मन राखले म्हणायचे. देवघरापासून सोयरिकीपर्यंत हीच पद्धत. गोदाम त्याला अपवाद का असावे?

मी पेटी मागितली. बाई काही न विचारता भाता मारायला बसल्या. भोंगा होऊन गेला होता. दहा वेळा मोजले. साहेब नेहमीप्रमाणे तिसऱ्या वेळी खोकले, ती मोजणी पुन्हा केली. आकडा मी कुणाला सांगितला नाही, कुणी विचारलाही नाही.

मालकांनी मला त्यांच्या बैठकीच्या खोलीत बोलावले. गादीवर दोन कागद मांडले होते. एक माझे नेमणुकीचे पत्र: ध्वनिमुद्रण विभागात मदतनीस, यंत्र वापरण्याचा अधिकार, खाली त्यांची सही. ते मी दोनदा वाचले. ज्या कागदाची मी महिनाभर वाट पाहिली होती तो इतका सुबक हस्ताक्षरात लिहिलेला असेल असे मला वाटले नव्हते.

दुसरा कागद प्रमाणपत्र होता. मुंबईच्या आणि कोल्हापूरच्या स्टुडिओंना पाठवण्यासाठी. मजकूर साहेबांनी रचला होता: आमच्या पेढीचे खास कापड ध्वनिमुद्रणगृहाच्या भिंतींना लावले असता प्रतिध्वनी पूर्णपणे नष्ट होतो, याची शास्त्रीय तपासणी खाली सही करणाऱ्या बी.एस्सी. विदुषीने केली असून, कापड लावल्यानंतर नादाचा अवधी इतके इतके सेकंद आढळला. आकड्याची जागा मोकळी होती. घोंगड्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

"आकडा तुमी घाला," मालक म्हणाले. "आमाला काय कळतंय आकड्यातलं? तुमी तो आदी एकच्या आसपास काडला होता न्हवं? तोच घाला की."

"तो नुसत्या घोंगड्यांचा होता."

"घोंगडी हायेतच की आत. खोटं काय हाय त्यात?"

साहेब टोपी सावरून म्हणाले, "बाईसाहेब, आकडा म्हणजे शेवटी मत. तुमचे मत मालकांविषयी चांगले आहे ना?"

"लई ठिकानी जाईल हा कागद," मालक पुढे म्हणाले. "तुमचं नाव मुंबईला जाईल. आन ते पत्र हितंच हाय. दोन्ही कागद संगं घेऊन जा."

त्यांनी दमदाटी केली नाही. ते दुष्ट नव्हते. त्यांनी दौत माझ्याकडे सरकवली आणि पानाचे तबक पुढे केले, लुगडे पसंत करायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर करतात तसे. दोन्ही कागदांत त्यांना काही अंतर दिसत नव्हते. एकाच्या बदल्यात दुसरा, जुने द्या आणि नवे घ्या.

त्या वेळी माझ्या मनात काय होते ते सांगते, कारण पुढे काही मंडळींनी त्याला सत्यनिष्ठा वगैरे म्हटले आहे, आणि असल्या शब्दांनाही मला खळीचाच वास येतो. मी विचार केला तो इतकाच. हा कागद मुंबईला जाणार. ज्यांच्याकडे जाणार त्यांतल्या दहा जणांना तो कळणार नाही, ते कापड विकत घेतील आणि त्यांच्या राण्याही विहिरीत पडतील. पण एखादा तरी असा असेल ज्याने खळीचे कापड ताणून मोजले असेल. तो एक-पूर्णांक-दोन हा आकडा वाचेल, खाली माझे नाव वाचेल आणि हसेल, मी साहेबांच्या तारांना हसले होते तसा. आणि मला आयुष्यात कधी ना कधी काम मागायचे होते ते त्या एका माणसाकडे. बाकीच्या दहांकडे नव्हे. एका गोदामातल्या यंत्रासाठी त्या माणसाच्या नजरेत मी इंजिनियरसाहेब होऊन बसणार, हा सौदा वाईट होता. गणितात तीनदा नापास झालेल्या माणसालाही मी तो समजावू शकले असते, पण त्यांना विचारायचे नव्हते.

मी म्हटले, "आकडा मी घालते. मग तो कागद जसा आहे तसा पाठवाल?"

"पाठवू की. आन न्हाय घातला तर?" मालकांनी नेमणुकीचे पत्र हळूच आपल्या मांडीखाली सरकवले. "तर मग ताई, बार्शीला हवा चांगली हाय म्हनं."

नाटकवाल्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना आत कुणी बोलावले नव्हते. त्या म्हणाल्या, "मालक, मांडीखाली कागद घेऊ नका. चुरगळला की कडकडत नाही."

मी प्रमाणपत्र पुढे ओढले. मजकुरातल्या 'कापड' या शब्दाच्या आधी 'खळ दिलेले' असे दोन शब्द घातले, 'पूर्णपणे नष्ट होतो' यावर सरळ रेघ मारली, खाली माझे नाव आणि पदवी लिहिली. साहेब वाकून वाचत होते. त्यांच्या टोपीची कड माझ्या कपाळाला लागत होती, ती मी हाताने मागे सारली. मांडीखालचे पत्र बाहेर येणार नाही हे मला तेव्हाच दिसत होते, आणि ते आले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी बार्शीच्या गाडीत काजे-गुंड्यांचे पुस्तक घेऊन बसले. पण त्या दुपारी कागदावर एक मोकळी जागा शिल्लक होती, आणि मोजणी माझी होती. टाक दौतीत बुडवून मी तिथे लिहिले: दोन पूर्णांक सहा दशांश सेकंद.